'दंड बसायलाय' म्हणजे नक्की काय? (आत्या, वाकळ आणि मोडलेला हात)

मांजराकाठ
माझी आत्या केजला असते. दिवाळीनंतर ओसरीच्या पायरीवरून पडली, उजवा हात खांद्याजवळ मोडला. ऑपरेशन नाही केलं, हात गळ्यात बांधून दिला. भावाच्या तान्ह्या मुलीसाठी वाकळ शिवायला घेतली होती, ती तशीच राहिली. आता हात सुटलाय आणि वाकळ पुन्हा मांडीवर आलीय. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, जसाच्या तसा देते:
"पयले दंड बसतच नव्हता बग. आता बसायलाय. निस्ता ताण पडला की वढतोय. वाकळ काय हातावेगळी व्हईना अजून."
वहिनी कोलकात्याची. तिला हे हिंदीत करून पाठवायचंय. 'बांह' लिहिलं तर ती घाबरून वाकळच नको म्हणेल. आई म्हणते, अगं, ती कापडाच्या दंडाचं बोलायलीय, हाताचं नाही. कोणता अर्थ धरू?

कानामात्रा
दंड म्हणजे काठी, शिक्षा, नाहीतर खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग. कापडाला असते ती शिवण किंवा जोड. बोलीतला गोंधळ भाषांतरात कशाला न्यायचा? सरळ 'हात' घ्यावा.

सुईदोरा
गोंधळ कसला? लुगडं बसाय-उठायच्या जागी विरतं. तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेली दोन्ही टोकं एकमेकांना शिवायची, त्याला दंड घालणं म्हणतात. माझी आजी वर्षातले निम्मे दिवस दंडाच्याच लुगड्यात असायची. दाते-कर्व्यांच्या कोशातही आहे हा अर्थ, काढून बघा. वाकळीला वरून इरकल घेतलं आणि ते मधे विरलेलं असलं तर आधी दंड घालावा लागतो. दोन्हीकडचं कापड सारखं ओढून धरलं नाही तर तो फुगतो, बसत नाही. आणि ताण पडला की ओढतो. मेसेजमधला शब्दन् शब्द शिवणाचा आहे. तुमच्या आईंचं बरोबर.

तिफण
आमच्याकडं दंड म्हणलं की पाण्याचा. विहिरीपासून वाफ्यापर्यंत जातो तो. नवा दंड पहिल्या पाण्याला पाझरतो, कडंनं फुटतो. दोन-तीन पाळ्या झाल्या की माती दाबते, मग आम्ही म्हणतो दंड बसला. माझ्या मते मूळ हेच. सरळ काठीसारखी रेघ म्हणून दंड, मग ती रानात असो का लुगड्यात.

कानामात्रा
तिफण, मूळ संस्कृत आहे, तुमच्या विहिरीवर नाही.

तिफण
संस्कृतवाले पाणी पीत नव्हते का?

बालाघाटी
मी हाडांचा डॉक्टर, लातूर. पेशंट 'दंडाचं हाड मोडलं' म्हणतात, 'दंड भरून आला' म्हणतात. 'दंड बसला' मी तरी ऐकलेलं नाही. बसतो तो निखळलेला खांदा, किंवा मोडलेलं हाड. मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाचं सांगतो. या वयात खांद्याजवळचं हाड मोडलं तर बऱ्याचदा ते आपोआप जुळतं, त्रास होतो तो खांदा आखडल्याचा. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की हात हलवायला लागायचं. भिंतीवर बोटं चढवत नेणं, ओणवं होऊन हात लोंबता सोडून झुलवणं. शिवणाने बोटं आणि कोपर चालतं, ते चांगलंच. लांब दोरा ओढताना मात्र हात खांद्यापासून उचलला जातो. 'ताण पडला की वढतोय' यातला ताण तो असू शकतो. आत्यांना विचारा ना फोन करून.

मांजराकाठ
केला होता डॉक्टरसाहेब. "कुठला दंड, आत्या?" तर म्हणाली, "दंड म्हंजी दंड, कुठला काय?" आणि बाळाला दात आले का ते विचारायला लागली. दुखणं विचारलं की हिचं हे असंच.

सुईदोरा
मग वाकळीलाच विचारा. खांदा दुखणारी बाई दोरा आखूड घेते, कारण लांब घेतला तर प्रत्येक टाक्याला हात कानापर्यंत न्यावा लागतो. आखूड दोरा म्हणजे गाठी जास्त. पाठीमागून फोटो मागवा आणि पडायच्या आधीच्या रांगा व नंतरच्या रांगा ताडून बघा.

मांजराकाठ
फोटो आला. कडेच्या रांगांत गाठ शोधावी लागते. आत मधाकडे येतील तशा गाठीच गाठी, टाकाही तिरका पडलाय. पण इरकलला मधोमध दंडही आहे, आणि तो खरंच एका बाजूला फुगलाय. म्हणजे दोन्ही पक्ष जिंकले. मी हिंदीत काय लिहू?

कानामात्रा
'वाकळ' तरी लिहू नका. वाकळ म्हणजे चिंध्यांचं पांघरूण. बाळाला भेट देताय, 'गोधडी' म्हणा.

गोदातीर
गंगाखेडचा आहे म्हणून बोलतो. पांडुरंग जनीची वाकळ पांघरून राऊळात गेला आणि स्वतःची शाल तिच्या घरी विसरला, हे आमच्याकडं प्रत्येक कीर्तनात ऐकायला मिळतं. देवाला चालली, बाळाला का चालू नये?

कानामात्रा
भक्तीचा मुद्दा वेगळा, शब्दाची प्रतिष्ठा वेगळी.

सुईदोरा
गोधडी तरी कुठल्या पैठणीची करतात? तेही जुनेरंच. शहरात दुकानात आली म्हणून गोधडी शिष्ट झाली, वाकळ गावात राहिली एवढंच. तुम्ही मागे एका धाग्यात 'रजई' फारसी म्हणून काढायला लावली होती. रजई फारसी म्हणून नको, वाकळ गावठी म्हणून नको, मग पांघरायचं काय?

उदगीरचा_पाटील
आमच्या शेजारी कन्नड बोलतात, ते 'कौदी' म्हणतात. माझी सासुरवाडी देगलूरची, तिथले तेलुगू लोक 'बोंत' म्हणतात. वाकळ हा वल्कलाचा अपभ्रंश असणार. ऋषी झाडाची साल पांघरायचे, आपण लुगडी.

तिफण
आता झाडंही संस्कृत झाली.

गोदातीर
वहिनी बंगाली आहेत ना? मग 'कांथा' लिहा, संस्कृतातली कंथा तीच. त्यांच्याकडंही जुन्या साड्या थर लावून शिवतात. लगेच कळेल.

मांजराकाठ
कांथा उत्तम, घेतला. पण दंड?

बालाघाटी
व्यायाम चालू ठेवायला सांगा. बाकी काहीही लिहा.

उदगीरचा_पाटील
ताई, एक विचारतो. आमच्या घरी घटस्थापनेच्या आधी सगळ्या वाकळा नदीवर धुवायचे. आता नदीला पाणी नसतं. वॉशिंग मशीनला टाकली तर चालते का? आमची सून टाकते, आणि आमच्या हिचा त्यावरून रोज वाद.

सुईदोरा
बाळाची दुपटी चालतात. मोठी वाकळ पाणी पिली की दोघांना उचलत नाही, मशीनचा ड्रम जाईल. गच्चीवर पसरून पायानं तुडवा.

तिफण
आमची मशीनमध्येच जाते. आजून ड्रम शाबूत आहे.

कानामात्रा
'मशीनमध्ये टाकणे' हा प्रयोग कितपत योग्य, यावर वेगळा धागा काढावा.