हायडेगर लायब्निझचं तत्त्व खोडतो का?

रावपुरा_वाचक:
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या अभ्यासमंडळात रविवारी जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरची १९५५-५६ची कारणतत्त्वावरची, म्हणजे 'कारणाशिवाय काहीच नसतं' या आधीच्या तत्त्वज्ञ लायब्निझच्या तत्त्वावरची, व्याख्यानं घ्यायची आहेत. वेळ चाळीस मिनिटं. तो लायब्निझला खोडून काढतो, असं सगळे धरून चाललेत. तसंच मांडू का?

मांडवीकर:
नका मांडू. तो लायब्निझचं वाक्य तेच ठेवतो, फक्त त्यातल्या शब्दांवरचा जोर हलवतो. फळ्यावर लिहा: 'जे जे आहे, ते सकारण आहे.' रूढ वाचनात जोर 'जे जे'वर पडतो, म्हणजे विधान वस्तूंबद्दलचं: दगड, पाऊस, युद्ध, प्रत्येकाला काहीतरी कारण. हायडेगर जोर देतो 'आहे' आणि 'कारण' यांवर. मग तेच वाक्य असण्याबद्दल बोलू लागतं: असणं आणि आधार एकच. आता असणं हाच आधार, तर त्याच्याखाली आणखी कुठला आधार शोधणार? म्हणून ते अतळ, म्हणजे खाली तळ नसलेलं. नेमकं इथेच कुणीतरी म्हणणार, 'म्हणजे कशालाच कारण नाही!' तिथेच थांबवा. पावसाला कारण असतं हे त्याने कुठेच नाकारलेलं नाही.

सुरसागर_काठ:
त्याआधी गुलाब घ्या, पाचव्या व्याख्यानात येतो. गूढवादी कवी आंगेलुस सिलेसियुसची १६५७ची ओळ: गुलाबाला 'का' नाही, तो फुलतो म्हणून फुलतो. गूढवाद म्हणून ही ओळ सोडून देऊ नका, सगळी मेख तिच्यात आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ माती, ऊन, पाणी अशी कारणं देईलच आणि ती बरोबरच असतील. पण फुलण्यासाठी गुलाबाला ती कुणापुढे मांडावी लागत नाहीत. तत्त्व गुलाबाबद्दल खरं, गुलाबासाठी नाही. लायब्निझच्या तत्त्वात कारण नुसतं असून भागत नाही, ते सादर करावं लागतं. हायडेगर बोट ठेवतो ते या मागणीवर.

प्रतिवादी:
मला तरी इथे लायब्निझवर थोडा अन्याय वाटतो. त्याच्याच 'मोनॅडॉलॉजी' या पुस्तिकेचं (१७१४) कलम ३२ मोठ्याने वाचा: पुरेसं कारण असतंच, पण बहुतेक वेळा ते आपल्याला कळू शकत नाही. २+२=४ मोजक्या पायऱ्यांत सिद्ध होतं. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली याचं विश्लेषण मात्र संपतच नाही, ते पूर्ण दिसतं फक्त ईश्वराला. म्हणजे माणसाने दर वेळी हिशेब चुकता करावा, अशी त्याची अट नव्हती. ती धार हायडेगरची.

वेळेचं म्हणाल तर कलम ३१-३२ ला दहा मिनिटं, गुलाबाला पंधरा, उरलेली जोराच्या बदलाला. शोपेनहाउअर मध्ये आणू नका, याच तत्त्वाच्या 'चौपदरी मुळा'वरचा त्याचा ग्रंथ हा वेगळाच रविवार. व्याख्यानांतला अणुयुगाचा भागही टाळा. तो निघाला की मंडळी मोबाइलवर घसरतात आणि लायब्निझ राहतो बाजूला.