मोप्याच्या दहा महिन्यांचं खापर कुणावर?

परुळ्याची सून: काल इथे कुणीतरी लिहिलं की विमानतळांना पर्यावरण मंजुरीतून वगळा, गोव्यातल्या मोपा विमानतळाचं काम कोर्टाने दहा महिने अडवलं. वाचून झोप लागली नाही. मोप्याला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००० सालची, पर्यावरण मंजुरी २०१५ची. मधली पंधरा वर्षं कुणी खाल्ली? मार्च २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी रोखली, कारण फॉर्म-१ मध्ये, म्हणजे मंजुरीच्या अर्जात, आसपासची राखीव जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं दाखवलीच नव्हती. पहिल्या दिवशी खरं लिहिलं असतं तर एक दिवस वाया गेला नसता.

दादर ते देवगड: पोस्ट माझीच. जानेवारी २०२०ला स्थगिती उठली, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीला बसवलं, डिसेंबर २०२२ला उद्घाटन झालं. मग दहा महिन्यांत मिळवलं काय?

परुळ्याची सून: देखरेख मिळवली! तीही आधी नव्हती.

कातळावरचा: सडा, म्हणजे आमचं कातळाचं पठार, नुसता ओसाड माळ आहे, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्या वाडीच्या वरचा कातळ रस्त्यासाठी फोडला. ठेकेदार म्हणाला, दगडच तर आहे. त्याच दगडातून पावसाचं पाणी मुरून खाली झऱ्याला येतं. आमची बाव (विहीर) मे अखेरपर्यंत पुरायची, आता शिमग्याला तळ दिसतो. आई सत्तरीत टँकरची वाट बघते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टीही सड्यावरच आहे. पाणी कुठून येतं ते आधी तपासा, एवढंच मागतोय.

दादर ते देवगड: तुमची बाव रस्त्याने आटवली, विमानाने नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडीतून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. खड्ड्याखड्ड्याला ते कण्हत होते. कोकणात काहीही करायचं म्हटलं की तुम्ही आडवे!

कुडाळची नर्स: रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्याला विमान काय कामाचं? त्याला तालुक्यात हृदयरोगतज्ज्ञ हवा. मी अशा रुग्णांबरोबर बांबोळीपर्यंत बसून गेलेय, एकदा नेमळ्याच्या पुढे नाडी लागेना. हॉस्पिटल मागा, आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहू.

दादर ते देवगड: हॉस्पिटल हवंच, कोण नको म्हणतंय? पण गणपतीला चार दिवस येणाऱ्यालाही गावावर हक्क आहे की नाही?

कातळावरचा: हक्क आसा. पण पाणी आमका पितूचा आसा.

परुळ्याची सून: भांडण भलतीकडे गेलं. विमानतळ नको असं मी कुठे म्हटलं? पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेत जनसुनावणीआधी तीस दिवसांची नोटीस आणि स्थानिक भाषेतला सारांश आहे. नव्या अधिसूचनेच्या २०२०च्या मसुद्यात ते तीसचे वीस करायला निघाले होते. भर लावणीत वीस दिवसांत कोण वाचणार?

दादर ते देवगड: तीस दिवस ठेवा, हरकत नाही. अर्जात जंगल लपवणं चूकच, तेवढं मान्य. पण पुन्हा पंधरा वर्षं थांबायला मी तयार नाही.

कातळावरचा: मे म्हयन्यात ये. बाव दाखवतंय, मगे बोलूया.