पुरातून वाचलो की ‘देवानेच पाहिलं’ म्हणावं का?

दांडियाबाजारकर : ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कोणी विसरलं नसेल. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. माझी मावशी अकोट्याला तळमजल्यावर एकटी राहते. वीज गेलेली, फोन बंद, पाणी पलंगाला लागलं. वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या गुजराती कुटुंबातला मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून आत आला, ‘मासी, उपर चालो’ म्हणाला. बंद फ्रीजमधलं तिचं इन्सुलिन त्याने स्टीलच्या डब्यात घातलं आणि वर नेऊन माठाच्या पाण्यात गार ठेवलं. मावशी म्हणते, देवानेच धाडला त्याला. मलाही तसंच वाटतं. दामाजीपंतांसाठी विठोबा विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे पैसे भरायला गेला, हे ऐकत वाढलेली माणसं आपण. अडलेल्याकडे त्याचं लक्ष असतंच.

वडसरचा : मावशी सुखरूप आहेत, बरं वाटलं. पण आमच्या गल्लीत दोन दिवस कोणी फिरकलं नाही. देवाने आमच्याकडे पाठ फिरवली होती का? ‘त्याचं लक्ष होतं’ म्हटलं की बुडालेल्याकडे लोक संशयाने बघतात, याचंच काहीतरी चुकलं असणार म्हणून. तुकोबांपेक्षा मोठा भक्त कोण? त्यांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली.

मांजलपूरची लेक : दामाजींची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मंगळवेढ्याचं कोठार दामाजींनी उघडलं, बादशहाचा राग पत्करून. भुकेल्यांना धान्य मिळालं ते माणसाच्या हातून. विठोबा आला तो नंतर, आणि आला तो दामाजींना वाचवायला. दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याला तो एकटं सोडत नाही, एवढंच मी त्या गोष्टीतून घेते. पुराच्या पाण्यात मगरी फिरत होत्या. त्या मुलाची काळजी कोणी घेतली, ते विचारा.

दांडियाबाजारकर : कोठार उघडायची बुद्धी दिली कोणी? तिथेच मला देव दिसतो. आणि वडसरचे दादा, तुकोबांनी एवढं सोसूनही विठ्ठल सोडला नाही. समोर ऐकणारं कोणी नाही असं वाटलं असतं, तर ते भांडले असते कोणाशी?

वडसरचा : भांडले, हेच तर मी म्हणतोय! आपण नुसते हात जोडतो. नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवून बांधकामं कोणी केली? आजवा धरणाचं पाणी नदीत येतं तेव्हा खालच्या वस्त्यांना किती आधी कळवायला हवं? देवाचे आभार मानले की हे प्रश्न विचारायचा जोरच उरत नाही.

रावपुरा_जोशी : आभार मानूनही विचारता येतं. माझी आई रोज रामरक्षा म्हणते आणि वॉर्ड ऑफिसला अर्जही तीच लिहिते.

वडसरचा : तुमच्या आईंना नमस्कार. असे लोक थोडे. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी आम्ही केली आहे, कोणाकडे इन्सुलिन, कोणाला जिना चढवत नाही, सगळं लिहून. अकोट्यात कोणी करणार असेल तर आमचा कागद पाठवतो, यंदाच्या पावसाआधी. ‘देवाने पाहिलं’ या वाक्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

दांडियाबाजारकर : कागद पाठवा. यादी मी करतो, मावशीच्या सोसायटीपासून. वाक्य मीही सोडणार नाही.