ग्राडो एसआर८० हेडफोनला सागवानी कप: आवाज नळीतून आल्यासारखा, डावीकडे बेस गायब

कर्णोपकर्णी:
एसआर८०चे दोन्ही ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) प्लॅस्टिकच्या कवचातून पूर्ण सोडवून थेट सागाच्या कपात बसवले आहेत. कप लेथवर कातून घेतले. बाहेरून ५८ मिमी, आतून ५० मिमी, पुढे ड्रायव्हरसाठी खाच. ड्रायव्हरपासून मागच्या तोंडापर्यंत लांबी ६० मिमी, तोंडावर स्टीलची जाळी. आतल्या भिंतीला ३ मिमी फेल्ट. ड्रायव्हर ग्लू गनने चिकटवले. फिनिश म्हणून जवसाच्या तेलाचे दोन हात, तेही फक्त बाहेरून. पॅड मूळचेच.

दोन तक्रारी. गाणाऱ्याचा आवाज कुणी पाइपात तोंड घालून गातंय असा येतो. आणि डाव्या बाजूला बेस नाही. हेडफोन उलटा घातला तरी बेस त्याच कपात कमी, म्हणजे माझ्या कानाचा दोष नाही. फेल्ट दुप्पट करून पाहिलं, फरक शून्य. शिसवीचे नवे कप करावेत का?

ओहम_बत्तीस:
शिसवीने काहीही होणार नाही. तुम्ही खरोखरच पाइप बनवलाय.

एका टोकाला ड्रायव्हर, दुसरं टोक उघडं: ही पाव तरंगलांबीची नळी झाली. उघड्या टोकाला त्रिज्येच्या साधारण ०.६ पट लांबी आणखी धरायची. तुमची त्रिज्या २५ मिमी, म्हणजे १५ मिमी वाढले, एकूण ७५. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या चौपटीने, म्हणजे ०.३ मीटरने भागा: सुमारे ११४० हर्ट्झ. तिथे आवाज फुगतो, म्हणजे उंचवटा येतो, तोही गळ्याच्या ऐन पट्टीत. पुढचा उंचवटा तिप्पट वारंवारतेवर, ३४०० च्या आसपास.

फेल्ट का चाललं नाही? ११४० हर्ट्झची पाव तरंगलांबी ७५ मिमी. त्यापुढे ३ काय आणि ६ मिमी काय, दोन्ही नगण्य. पातळ फेल्ट साधारण ४ किलोहर्ट्झच्या वरचा चरचरीतपणा थोडा मऊ करतं, इतकंच. शिवाय जागा चुकली. अशा नळीत हवेची हालचाल सर्वांत जास्त उघड्या तोंडाशी असते आणि ड्रायव्हरजवळ सर्वांत कमी. अडथळा द्यायचा तो तोंडाशी.

म्हणून आधी लांबी कापा, २५ मिमीपर्यंत. आकडेमोड केली तर उंचवटा २१०० हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि ग्राडोला २ किलोहर्ट्झपाशी मुळातच उठाव असतो, हे खरं. पण लांबी त्रिज्येइतकी झाली की नळी नळीसारखी वागणं सोडते. उंचवटा पसरट आणि बुटका होतो. उरलेल्यासाठी जाळीच्या आतून स्पीकरच्या जाळीचं कापड किंवा साधी मलमल, एक पदर, ताणून. ऐका. कमी वाटलं तर दुसरा. तीन-चार पदरांनंतर कप अर्धा बंद झाल्यासारखा वागतो आणि ग्राडोचा मोकळेपणा जातो. कापूस कोंबू नका.

जाळीवाला:
डावीकडचा बेस म्हणजे मागच्या बाजूची फट असणार. जाळीभोवती सिलिकॉन लावा.

ओहम_बत्तीस:
नाही हो. कप मागून उघडाच आहे, तिथली फट म्हणजे भोकात भोक. बेस जातो तो ड्रायव्हरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळाली की. इथे ड्रायव्हर थेट लाकडात आहे, म्हणजे खाचेतल्या सांध्यात फट असणार. तेल आतपर्यंत मुरलं असेल तर ग्लू गनचा गोंद तेलकट सागाला धरतच नाही, सालीसारखा सुटून येतो.

खात्री अशी करा: फक्त डावा चॅनल चालू, ५० हर्ट्झचा सूर, आवाज हळू. ड्रायव्हरच्या कडेभोवती ब्लू-टॅकची (चिकट, मऊ पुट्टीची) वळी दाबून बसवा, पॅड परत लावा. बेस आला तर फट नक्की. नाही आला तर पॅडची कड नीट बसली आहे का पाहा, मग ड्रायव्हरच्या पडद्याला सुरकुती पडली आहे का ते. ड्रायव्हर सोडवताना हेअर ड्रायर फार जवळ धरला की पडदा वाकतो.

जाता जाता तारांची दिशाही तपासा. दोन्ही बाजू एकसारखा मोनो आवाज दिल्यावर गायक डोक्याच्या मधोमध नसेल, पसरल्यासारखा वाटला, तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट डकवल्या गेल्यात.

कर्णोपकर्णी:
वळी लावल्यावर बेस आला! कड बघितली तर एका बाजूला गोंदाखाली नख जातंय. पण कप बसवताना फिटिंग अगदी घट्ट होतं. महिन्याभरात फट कशी पडली?

कातारी_कोकण:
घट्ट होतं म्हणूनच. लाकूड ओलावा घेतं-सोडतं आणि आतून फिनिश नाही, म्हणजे एक बाजू उघडी. सागाचं आडवं हलणं ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला स्पर्शरेषेच्या दिशेने (झाडाच्या कड्यांच्या बाजूने) साधारण ०.१९ टक्के, त्रिज्येच्या दिशेने (गाभ्याकडून सालीकडे) ०.१० टक्के. ओलावा ४ टक्के बदलला तर ५० मिमी भोक एकीकडे ०.३७ मिमी आणि दुसरीकडे ०.२० मिमी हलतं. भोक गोल राहत नाही, अंडाकृती होतं. ड्रायव्हर मात्र गोलच.

त्यात लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत ते बघा. मागच्या कापावर झाडाच्या कड्या दिसत असतील तर रेषा कपाच्या लांबीत आहेत, ठीक. कड्या नसून दोन समोरासमोरच्या बाजूंनी उभे तंतू कापल्यासारखे दिसत असतील तर फळी आडवी धरून कातलंय. मग एका दिशेला शून्य आणि दुसऱ्या दिशेला ०.३७, जास्त वाकडं.

ड्रायव्हर काढा. गोंदाच्या कडेला कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, गोंद आपोआप सुटतो. पातं आत घालू नका, कॉइलच्या (पडद्यामागच्या तारेच्या गुंडाळीच्या) तारा केसाएवढ्या असतात. मग लेथवर लांबी कापून घ्या, आणि त्याच वेळी खाच ड्रायव्हरच्या मापापेक्षा ०.६ मिमी मोठी करा. माप व्हर्नियरने स्वतःच्या ड्रायव्हरचं घ्या, नेटवरचं नको.

खाच ॲसिटोनने पुसा, वाळू द्या. मग चपडा लाख, १०० मिली स्पिरिटमध्ये २० ग्रॅम, आतून-बाहेरून सारखेच तीन हात, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पेपर. बाहेरचं जवस तेल पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर लाख चिकट राहते. ड्रायव्हरच्या कडेला मऊ फोम टेप, लाकूड हललं तर टेप दबेल. गोंद फक्त तीन ठिपक्यांत.

एक राहिलं. लांबी २५ करताना गिंबलच्या (कप धरणाऱ्या कमानीच्या) खिळ्यांची भोकं मधे येतात का ते आधी आखून घ्या. भिंत ४ मिमी, भोक २.५ मिमी खोल, आरपार नाही. दोन्ही भोकं एकाच जिगमध्ये (काम पक्कं धरणाऱ्या साच्यात) पाडा, नाहीतर कप डोक्यावर तिरका बसतो आणि पॅडखाली पुन्हा फट.

ओहम_बत्तीस:
वजनाचं पण: २५ मिमी लांबीचा ५८/५० चा सागाचा कप खाच सोडून ११ ग्रॅमच्या आसपास, शिसवीचा १४. तीन ग्रॅमसाठी नवीन कातकाम नको.

कर्णोपकर्णी:
मलमलीचा एक पदर लावून २५ वर कापला. नळी गेली. उजवा कप अजून ६० चाच आहे, त्यामुळे फरक एका डोक्यावर ऐकू येतोय. उद्या तोही कापतो. डावीकडे फोम टेप २ मिमी जाडीची मिळाली, ती चालेल की १ मिमी शोधू?

कातारी_कोकण:
१ मिमीच. तुमची फट एका बाजूला ०.३ मिमी, २ ची टेप दाबून बसवलीत तर ड्रायव्हर वर उचलला जाईल आणि पॅडच्या आत कानाला टेकेल.