लाईट गेली आणि गेमचा ६२ तासांचा सेव्ह उडाला, परत मिळेल काय? आणि तुम्ही सेव्ह कसे ठेवता?

खानापूरचा_वाटसरू
नमस्कार मंडळी, जरा तातडीनं मदत पाहिजे. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. काकांच्या ऑफिसातला जुना पीसी घरी आलाय, त्याच्यावर फॉलआउट न्यू वेगास खेळायलोय. २०१० चा गेम, जुन्या मशीनवर चालतोय म्हणून घेतला आणि त्यातल्या वाळवंटाचं असं वेड लागलं की विचारू नका. ६२ तास झाले होते. काल रात्री पाऊस एवढा लागला होता की कौलांचा आवाज हेडफोनमधनं ऐकू येत होता, तरी मी बसलोच होतो. एक मोठी मारामारी संपवली, एफ५ दाबलं, म्हणजे क्विकसेव्ह, एका बटणात होणारा झटपट सेव्ह, आणि सेव्ह होतंय तेवढ्यात लाईट गेली. सकाळी आली. गेम चालू केला तर क्विकसेव्ह लोड करताना गेमच बंद पडतोय, फोल्डर उघडून बघितला तर ती फाईल शून्य केबी, म्हणजे रिकामी.

ऑटोसेव्ह, म्हणजे गेम आपला आपण करतो तो सेव्ह, मी पहिल्या आठवड्यातच बंद केलेलं, कारण प्रत्येक दारातनं जाताना मशीन अडकायचं. हातानं केलेला सेव्ह एकच आहे, गुडस्प्रिंग्समधला, म्हणजे अगदी सुरुवातीचा, ४ तासांचा. बाकी सगळं मी एफ५ वरच चालवलं होतं. ६२ तास म्हणजे माझे तीन महिन्यांचे रविवार आहेत. काही करता येईल काय? आणि परत असं होऊ नये म्हणून तुम्ही लोक काय करता तेही सांगा.

टिळकवाडी_अण्णा
भावा आधी एक काम कर, गेम चालू करू नकोस. आणि चालू केलास तर एफ५ ला अजिबात हात लावू नकोस, का ते खाली सांगतो.

डॉक्युमेंट्समध्ये जा, तिथं माय गेम्स, त्यात फॉलआउटएनव्ही, त्यात सेव्ह्स. तो अख्खा सेव्ह्स फोल्डर पहिल्यांदा कॉपी करून डेस्कटॉपवर ठेव, जे काय करायचं ते नंतर. आता विंडोजमध्ये व्ह्यू मध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स वर टिक कर, नाहीतर फाईलच्या नावाचा शेवट दिसत नाही आणि सगळ्या सारख्याच वाटतात. टिक केल्यावर तुला क्विकसेव्ह डॉट एफओएस दिसेल, ती तुझी शून्य केबीवाली, आणि तिच्या शेजारी क्विकसेव्ह डॉट एफओएस डॉट बीएके अशी अजून एक दिसायला पाहिजे. हा गेम क्विकसेव्ह करताना आधीची फाईल बीएके करून बाजूला ठेवतो आणि मग नवीन लिहितो. म्हणजे त्या बीएकेमध्ये तुझा कालचा शेवटून दुसरा एफ५ असणार. खराब फाईल दुसरीकडं हलव, बीएकेच्या नावातलं शेवटचं डॉट बीएके काढून टाक, आणि मग लोड कर.

एफ५ का नको म्हटलं तर बघ, आता परत क्विकसेव्ह केलास की ती शून्य केबीवालीच बीएके होणार आणि चांगली फाईल पुसली जाणार. घाबरून चारदा एफ५ दाबतात लोक आणि तिथंच खेळ संपतो.

शून्य केबी का झाली तेही समजून घे. सेव्ह म्हणजे डिस्कवर काही एमबी लिहिणं, आणि स्क्रीनवर सेव्ह झालं असं आलं तरी विंडोज तो डेटा थोडा वेळ मेमरीत धरून मग डिस्कवर उतरवतं. त्या मधल्या सेकंदांत लाईट गेली तर फाईलचं नाव राहतं आणि आत काहीच नसतं. म्हणून सेव्ह केल्या केल्या मेन स्विच बंद करायची सवय असेल तर ती पण सोड.

निपाणी_वखार
अण्णांनी दुरुस्ती सांगितली, मी सवयीचं सांगतो. आमच्या घरात तंबाखूचा व्यापार, आजोबा कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवायचे. दिवसभर येईल जाईल ते कच्च्या वहीत खरडायचं, रात्री जेवण झालं की दिव्याखाली बसून पक्क्या वहीत उतरवायचं, आणि कच्ची वही हरवली तर फार तर एक दिवस जाईल असं म्हणायचे. एफ५ म्हणजे कच्ची वही बघा. न्यू वेगासमध्ये क्विकसेव्हची जागा एकच, ऑटोसेव्हची पण एकच. प्रत्येक वेळी जुन्यावर नवं लिहिलं जातं. ६२ तास कच्च्या वहीवर धंदा केलाय तुम्ही, आणि राग नका मानू, पण निम्मी पोरं असंच खेळतात.

मी काय करतो तर एफ५ मारामारीच्या मधे दाबतो, हवा तेवढा दाबतो, पण साधारण अर्ध्या पाऊण तासानं पॉझ मेनू उघडून नवीन सेव्ह. जुन्यावर ओव्हरराईट नाही, दरवेळी नवीन जागा. त्याच्या नावात आकडा, गावाचं नाव आणि किती तास झाले ते आपोआप येतं, त्यामुळं शोधायला त्रास नाही. वीस पंचवीस झाले की मधले काढून टाकतो आणि दर पाच सात तासांमागं एक कायमचा ठेवतो.

आणि कुठं सेव्ह करताय ते बघा की जरा. क्वारी जंक्शनच्या खाणीत डेथक्लॉ, म्हणजे तो मोठ्या नखांचा राक्षसी प्राणी, मागं लागलाय, जीव एवढासा उरलाय, आणि भीतीनं एफ५ दाबलं, की तो सेव्ह लोड झाला की दोन सेकंदात तुम्ही मेलेलाच. फाईल चांगली आहे, उघडते पण, उपयोग शून्य. मारामारी संपू दे, औषध घ्या, उभं राहा, मग सेव्ह.

अजून एक, डेड मनी नावाची जी वेगळी मोहीम आहे त्यात शिरायच्या आधी हातानं सेव्ह करून तो कायमचा ठेवा. आत गेलात की तुमची सगळी हत्यारं काढून घेतात आणि पूर्ण केल्याशिवाय परत मोहावीत, म्हणजे मूळ गेमच्या वाळवंटात, येता येत नाही. ती मोहीम सुंदर आहे, पण कठीण आहे, आणि आत गेल्यावर ऑटोसेव्ह क्विकसेव्ह दोन्ही आतलेच होतात. पुण्यात शिकत असताना माझ्या रूममेटचं असंच झालं, औषधं संपली, पुढं जाता येईना, मागचा सेव्ह नाही, त्यानं गेमच सोडला. शेवटच्या हूव्हर धरणाच्या लढाईचं पण तेच, तिथं गेम स्वतः आधी विचारतो, कारण त्यानंतर गोष्ट संपते आणि पुढं फिरता येत नाही.

चिकोडीचा_स्पॅनर
मी इलेक्ट्रिकचीच कामं करतो म्हणून लिहायलोय. घरात इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो अशी तक्रार बरेच जण करतात. इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस मोड असतो. तो चालू नसेल तर लाईनवरनं बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात पीसी बंद पडतो, पंखा आणि ट्यूबला ते कळत पण नाही. आधी ते बघा, पैसे लागत नाहीत त्याला. इन्व्हर्टर नसेल तर पीसीचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की लगेच बॅटरीवर चालवणारा डबा, घ्या. तो खेळत बसायला नसतो, बीप वाजली की सेव्ह करून शट डाऊन करायला असतो. आणि पावसात लाईट आली की लगेच पीसी लावू नका, पाच दहा मिनिटं जाऊ द्या, बऱ्याचदा येते आणि परत जाते.

अनगोळची_अक्का
वाटसरू, वाईट वाटलं वाचून. बीएके असेल तर मिळेल, काळजी करू नकोस.

मी सगळ्यांना एकच सांगते, सेव्हची एक प्रत मशीनच्या बाहेर पाहिजे. आमच्या माहेरी पुढच्या वर्षीच्या बियाणाचं भात खायच्या भाताच्या कणगीत कधी ठेवत नव्हते, वेगळं बांधून माळ्यावर. उंदीर लागला, ओल आली, तरी एक जागा वाचते. दहा सेव्ह केले पण सगळे एकाच हार्ड डिस्कवर, आणि डिस्कच गेली तर दहाही गेले. मी दर रविवारी सेव्ह्सचा फोल्डर पेनड्राईव्हवर टाकते, फोल्डरला तारखेचं नाव देते, मागचे तीन ठेवते. दोन मिनिटांचं काम आहे.

क्लाउड आहे की, इंटरनेटवर सेव्ह आपोआप जातो, मग कशाला, असं माझा भाऊ म्हणायचा. क्लाउड जे आहे तेच वर पाठवतं. त्यानं चुकून इथला सेव्ह डिलीट केला तर वरचा पण गेला. आणि दोन मशीनवर खेळत असाल तर कधीकधी विचारतं, इथला ठेवू की क्लाउडवरचा, तिथं तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका, आणि त्याच्या आधी इथल्या फोल्डरची कॉपी काढा.

गेमनुसार पण बदलतं हं. एल्डन रिंगमध्ये हातानं सेव्ह करायची सोयच नाही, एकाच फाईलवर तो आपला आपण सारखं लिहीत असतो. तिथं वेगळा स्लॉट असा प्रश्नच नाही, म्हणून गेम पूर्ण बंद करून अ‍ॅपडेटा, रोमिंग मधला एल्डनरिंग फोल्डर कॉपी करणं एवढाच उपाय. आणि बाहेर पडताना मेनूतनंच पडायचं. किंगडम कम डिलिव्हरन्समध्ये उलटं, तिथं सेव्ह करायला सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू प्यावी लागते नाहीतर आपल्या पलंगावर झोपावं लागतं, म्हणून रात्र झाली की मुक्कामाला परत यायची सवय लावून घ्यायची. विचर ३ मध्ये आयल ऑफ मिस्ट्स ह्या बेटावर जायच्या आधीचा सेव्ह जपा, कारण तिथं गेलं की राहिलेली काही कामं कायमची फेल होतात.

सायबरपंक २०७७ चं तर सगळ्यांना माहीत असेल. डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाईल ८ एमबीच्या वर गेली की खराब व्हायची, ज्यांनी भरपूर सामान गोळा केलेलं त्यांची आधी. त्याच महिन्यात १.०६ अपडेटनं ती मर्यादा काढली पण आधीच खराब झालेल्या फाईली काही परत आल्या नाहीत. ज्यांच्याकडं थोडा जुना, लहान सेव्ह वेगळा होता ते तिथनं पुढं गेले. लाईट जायलाच पाहिजे असं काही नाही बघा.

गोकाकचा_एकटा
माझं मत जरा वेगळं आहे. एवढे सेव्ह ठेवले की माणूस प्रत्येक निर्णय परत फिरवतो. बोलण्यात चुकलं, लोड. चोरी पकडली, लोड. मग त्या जगात राहिल्यासारखं काय वाटणार? मी एकाच सेव्हवर खेळतो आणि जे झालं ते झालं.

निपाणी_वखार
@गोकाकचा_एकटा पटतंय, मी पण चोरी पकडली म्हणून लोड करत नाही. पण मागं न फिरणं हे आपण ठरवायचं, फाईल शून्य केबी होऊन ते लादलं जाऊ नये. सेव्ह वीस ठेवा, उघडा एकच.

गोकाकचा_एकटा
हे बरोबर बोललात. एक कॉपी बाहेर ठेवतो मी पण आजपासनं.

खानापूरचा_वाटसरू
मंडळी, मिळाला!! अण्णा तुमचे उपकार. एक्स्टेन्शन दिसायला लागल्यावर बीएके तिथंच होती, २ एमबीच्या वर. हात थरथरत होते नाव बदलताना. लोड झालं, मी त्या मारामारीच्या आधी, दगडाच्या आडोशाला बसलेलो, वेळ ६१ तास आणि काही मिनिटं. एवढंच गेलं, ती एक मारामारी.

आल्या आल्या मेनूतनं नवीन सेव्ह केला, गेम बंद केला, फोल्डर बहिणीच्या पेनड्राईव्हवर टाकला, तिच्या कॉलेजच्या फाईलींच्या शेजारी, तारखेच्या नावानं. ऑटोसेव्ह पण परत चालू केलं, दारात अडकलं तर अडकू दे. स्पॅनर दादा, आमच्याकडं इन्व्हर्टर नाही, यूपीएस बघायलोय, ह्या जुन्या मशीनला केवढा लागेल ते सांगा, मॉनिटर १९ इंची आहे. आज परत ढग भरून आलेत, त्यामुळं आज खेळत नाही.

चिकोडीचा_स्पॅनर
वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर ६०० व्हीएचा बास होईल. मॉनिटर पण त्याच्यातच लाव बरं का, नाहीतर पीसी चालू राहील आणि सेव्हचा मेनूच दिसणार नाही.