एटीपी सिंथेजचे फिरते मॉडेल: कड्यात उपएकके किती घ्यायची आणि आस नक्की कशाने फिरतो?

जीवशास्त्र_इंदूर
नमस्कार. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी अकरावीच्या मुलांकडून एटीपी सिंथेजचे (पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी रेणू बनवणारे प्रथिनांचे यंत्र) फिरते मॉडेल करून घेते आहे. पीव्हीसी पाइप, थर्माकोल, पाच व्होल्टची स्टेपर मोटर, स्क्रू-बिजागऱ्या हे सगळे सियागंजात मिळेल. अडते आहे ते जीवशास्त्रातच.

पटलातल्या सी-कड्यात (मधला आस याच्यावर उभा असतो) उपएकके, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, किती? एका पुस्तकात १० आहेत, दुसऱ्यात १२. एक एटीपी बनायला पटलातून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित आयन) ३ जावे लागतात की ४? कडे कुठल्या दिशेने फिरवायचे? आणि फलकावर "एटीपीचा बंध तुटतो, त्यातून निघालेली ऊर्जा आस फिरवते" असे लिहिले तर चालेल का? मुले हमखास विचारणार की ऊर्जा आसाला फिरवते म्हणजे प्रत्यक्षात काय होते.

सूरसागर_बडोदे
ताई, संख्या सजीवागणिक बदलते, म्हणून मॉडेल कोणाचे आहे हे आधी ठरवा. गाय आणि इतर सस्तन प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात ८, यीस्ट आणि ई. कोलाय जिवाणूमध्ये १०, पालकाच्या हरितलवकात १४. बारा हा जुना अंदाज आहे, तो घेऊ नका.

प्रोटॉनचा हिशेब यातूनच निघतो. फेरीमागे प्रत्येक उपएकक एक प्रोटॉन नेते, आणि कड्याची एक फेरी झाली की वरच्या एफ-वन डोक्यात (एटीपी इथे बनतो) ३ एटीपी होतात, म्हणजे सस्तन प्राण्यांत एका एटीपीला ८ भागिले ३, साधारण २.७ प्रोटॉन. शिवाय एडीपी व फॉस्फेट (एटीपीचा कच्चा माल) आत आणणे आणि तयार एटीपी बाहेर पाठवणे यात मिळून आणखी एक प्रोटॉन खर्च होतो. बेरीज ३.७. पुस्तकातला ३ हा फक्त सिंथेजचा आकडा आणि ४ हा वाहतुकीसकटचा, दोन्ही पूर्णांकात बसवलेले. यीस्टमध्ये हेच गणित ४.३ वर जाते.

दिशेत बहुतेक मॉडेले चुकतात, कारण कुठून पाहायचे ते लिहिलेले नसते. एटीपी तुटत असताना पटलाच्या बाजूने एफ-वनकडे पाहिले तर आस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. एटीपी बनत असताना दिशा बरोबर उलटी. तुमचे डोके वर आणि पटल खाली असणार, मुले वरून पाहणार. त्यांना एटीपी बनताना आस घड्याळाच्या उलट फिरताना दिसला पाहिजे. फलकावर "वरून पाहता" हे दोन शब्द टाकाच.

किल्ला_ग्वाल्हेर
फलकावरचे ते वाक्य मात्र लिहू नका. सगळा घोळ तिथेच होतो.

एफ-वनच्या तीन बीटा उपएककांपैकी एकाच्या खाचेत एटीपी घट्ट बसलेला असताना त्याचे तुटणे आणि पुन्हा जुळणे जवळजवळ समतोलात असते, समतोल स्थिरांक एकच्या आसपास. म्हणजे बंध तुटण्याच्या क्षणी फारशी ऊर्जा सुटतच नाही. पॉल बॉयर यांच्या सिद्धान्ताचा गाभा हाच: ऊर्जा लागते ती तयार एटीपी खाचेतून मोकळा करायला. जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ मध्ये गाईच्या एफ-वनची स्फटिक रचना दिली, तेव्हा तीन बीटा खरोखरच तीन वेगळ्या स्थितींत दिसल्या. १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले (अर्धे येन्स स्कू यांना, सोडियम-पोटॅशियम पंपासाठी).

आता उलट चाल, एटीपी तुटतानाची. एटीपी रिकाम्या खाचेत येतो आणि हायड्रोजन बंध एकेक करून जुळत जातात. खाच मिटते, बीटाचा खालचा भाग आत वाकतो आणि मधल्या वाकड्या गॅमा आसाला बाजूला रेटतो. आस सुमारे ८० अंश फिरून थांबतो. त्या थांब्यात दुसऱ्या बीटामधला एटीपी तुटतो, एका खाचेतून फॉस्फेट सुटतो, या दोन्ही घटनांना प्रत्येकी साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि मग उरलेले ४० अंश. मिळून १२०. रेटा येतो तो एटीपी बसण्यातून आणि फॉस्फेट सुटण्यातून. हे आकडे उष्णताप्रेमी बॅसिलस जिवाणूच्या एफ-वनवरचे आहेत.

बल किती? पिळाचे बल सुमारे ४० पिकोन्यूटन-नॅनोमीटर. १२० अंश म्हणजे २.०९ रेडियन, गुणाकार ८४. पेशीतल्या परिस्थितीत एका एटीपीमागे मोलला ५० किलोज्यूल धरले तर एका रेणूमागे ८३ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. जवळजवळ सगळी ऊर्जा कामाला लागते, हे मुलांकडून कागदावर करून घ्या; मॉडेलइतकेच मोलाचे आहे.

सूरसागर_बडोदे
खालच्या कड्याबद्दल भर घालतो. तिथे रेटा असा नाहीच. प्रत्येक सी उपएककाच्या मध्यावर एक आम्लगट असतो (ई. कोलायमध्ये ६१ व्या क्रमांकाचे अमिनो आम्ल, अॅस्पार्टेट). शेजारच्या स्थिर 'ए' उपएककात दोन अर्धे मार्ग आहेत, एक बाहेरच्या बाजूला उघडणारा, दुसरा आतल्या बाजूला. मधे आर्जिनिन हे धनभारित अमिनो आम्ल. बाहेरून प्रोटॉन आला की आम्लगटाचा ऋणभार जातो आणि तो पटलातल्या चरबीकडे तोंड करून फिरू शकतो. रेणूंच्या उष्णतेमुळे कडे सतत मागेपुढे डुलत असतेच. प्रोटॉन नसलेला, म्हणजे भारित गट चरबीत शिरू शकत नाही, म्हणून एका दिशेची डुलकी टिकते. चढलेला प्रोटॉन जवळपास पूर्ण फेरी मारून दुसऱ्या मार्गाने आत उतरतो. "प्रोटॉन सरळ भोकातून खाली पडतो आणि चक्र फिरवतो" असा बाण काढू नका.

जीवशास्त्र_इंदूर
आभार. मग मागे फिरू नये म्हणून कड्याला रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारा खटका) लावू का? आणि १० उपएकके घेतली तर १० ला ३ ने भाग जात नाही, ते यंत्रात कसे बसते?

किल्ला_ग्वाल्हेर
रॅचेट अजिबात नको. हे यंत्र दोन्हीकडे चालते. प्रोटॉनचा दाब (पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक) कोसळला की तेच सिंथेज एटीपी तोडून प्रोटॉन उलटे ढकलू लागते. मायटोकॉन्ड्रियात ते रोखायला आयएफ-वन नावाचे वेगळे प्रथिन आहे. दिशा दाबावर ठरते, कुठल्याही खटक्यावर नाही.

भाग न जाण्याचे उत्तर लवचीकपणात आहे. कडे ३६-३६ अंशांनी सरकते, डोके १२० वर थांबते. मधला फरक आसाच्या खालच्या भागात आणि बाजूच्या (डोक्याला 'ए' उपएककाशी बांधणाऱ्या) खांबात पीळ होऊन साठतो. २०१९ मध्ये पॉलिटोमेला या शैवालाच्या सिंथेजमध्ये दिसले की प्रत्येक १२० अंशांच्या टप्प्याच्या सुरुवातीला डोकेही आसाबरोबर सुमारे ३० अंश फिरते आणि मग परत येते. म्हणून मॉडेलमध्ये कडे आणि आस यांच्यामध्ये १०-१२ सेंटिमीटर सिलिकॉन नळी घाला. सगळे कडक जोडले तर मोटर अडकेल.

सूरसागर_बडोदे
बांधणीचे थोडे. प्रमाण १ नॅनोमीटरला २ सेंटिमीटर घ्या. डोके सुमारे २० सेंटिमीटर रुंद, पटल ८ सेंटिमीटर जाड, एकूण उंची ४० च्या आसपास. आसाच्या वरच्या टोकाला मध्यापासून सरकवलेली चकती बसवा आणि तीन बीटांना बिजागरीचे पल्ले. चकती फिरेल तसा एक पल्ला उघडा, एक सैल, एक घट्ट. डोके टेबलाला चिकटवू नका, बाजूच्या खांबानेच 'ए' उपएककाला बांधा. खांब काढून दाखवता आला तर उत्तम: डोके आसाबरोबरच गरगरते, पल्ले हलत नाहीत, एटीपी शून्य.

एक सूचना फलकावर असू द्या. चकतीमुळे वाटेल की बीटांची पाळी फक्त आसच ठरवतो. तसे नाही: २०११ मध्ये जलद अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली आस काढून टाकलेल्या एफ-वन डोक्यातही तिन्ही बीटा क्रमाने उघडमीट करताना दिसल्या.

मोटरचे बोलायचे तर, एका फेरीला २०४८ पावलांची घेतली आणि ८ उपएकके ठेवली तर प्रत्येक टप्पा नेमका २५६ पावलांचा. दहासाठी २०४.८ येतात, प्रोग्राममध्ये दर वेळी २०५ वाढवलीत तर फेरीमागे २ पावले जास्त होतात आणि तीस फेऱ्यांत कडे १० अंशांहून जास्त सरकते. दहाच हवी असतील तर प्रत्येक थांबा शून्यापासून मोजून काढा. मोटर कड्याखाली बसवली की ती प्रोटॉनच्या दाबाची जागा घेते, म्हणजे ही मांडणी एटीपी बनण्याचीच. उलट चाल दाखवायला वरून हाताने चकती फिरवा. त्या वेळी मोटरचा वीजपुरवठा बंद करा आणि तिचा आस कड्यापासून सोडवा, नाहीतर गिअरचे दात तुटतात.