मदत हवी आहे: बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज आणि कापूस, रिटर्न कोणतं?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. बाबा ६८ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे रिटायर शिक्षक. एप्रिलमध्ये बँकेत १५एच (व्याजातून कर कापू नका, असा ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्म) मीच नेऊन देतो. ज्या वर्षाचं रिटर्न भरायचंय, त्या वर्षी घरी लग्न होतं, फॉर्म द्यायचा राहून गेला. झालं, बँकेनं एफडीच्या व्याजातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागेल, इथपर्यंत समजलं.

गावातला ऑनलाइनवाला पोरगा म्हणतो, "काका, शेती माफ असते, ती दाखवूच नका, 'सहज' भरून टाकतो." मला काही पटलं नाही जी. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असलं तर आयटीआर-१ (म्हणजेच 'सहज' फॉर्म) चालत नाही, आयटीआर-२ लागतो, असं वाचलंय. शेतीवर कर नाही खरा, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते धरतात म्हणे.

खरी अडचण कापसाच्या खर्चाची. बियाणं-खताची बिलं आहेत, पण वेचणीची मजुरी रोखीनं दिलेली. आईच्या वहीत बाईचं नाव, किलो, रुपये, एवढंच. अर्ध्या पानावर चहाचा डाग. हा हिशोब चालतो का? आणि सातबारावर आईचंही नाव आहे, मग उत्पन्न दोघांत वाटून दाखवायचं का?

दुसरं, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबी कलमाची ५० हजारांपर्यंतची वजावट जुन्याच करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. पेन्शनर माणसानं दोन्ही प्रणालींतला कर घरीच कसा काढून पाहावा? कोणी स्वतः भरलं असेल तर सांगा.